३८ खरे फॉर्म स्वीकारा : नागपुरातल्या एमबीए प्रकल्प मार्गदर्शकांना खुले पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

विनंती एकच आहे, ती आधीच सांगते. येत्या उन्हाळ्यात तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्पाच्या सर्वेक्षणासाठी ठरलेल्या १०० भरलेल्या फॉर्मऐवजी ३८ आणले आणि खरे एवढेच मिळाले असं सांगितलं, तर ते ३८ स्वीकारा. त्याचे गुण कापू नका. ‘उरलेले कुठून तरी भरून आण’ असं तर अजिबात म्हणू नका.

मी नागपुरात बाजार-सर्वेक्षणाचं काम करते. आलेले फॉर्म तपासायचे, डेटा साफ करायचा, टेबलं काढायची आणि शेवटी क्लायंटसमोर रिपोर्ट मांडायचा, हे माझं रोजचं काम. तुमच्याकडून शिकून बाहेर पडलेली मुलंमुली आमच्याकडे नोकरीसाठी येतात. येताना प्रकल्प-अहवाल घेऊन येतात. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत प्रत्येक प्रश्नाला एक पाय चार्ट आणि त्याखाली तेच आकडे वाक्यात लिहिलेले. मी विचारते, ‘हे शंभर जण कोण होते?’ बहुतेकांना सांगता येत नाही. ही मुलं हुशार असतात. एसपीएसएससारखं आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालवतात, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल काढतात. पण ज्यांच्या उत्तरांवर सगळा अहवाल उभा आहे ती माणसं कुठे भेटली, कशी निवडली, किती जणांनी नाही म्हटलं, याची नोंद कुठेच नसते. ती कोणी मागितलेलीच नसते.

मागितलेला असतो तो आकडा. शंभर. आणि तो आकडा नागपूरच्या मे महिन्यात गाठायचा असतो. पारा ४५ च्या आसपास असताना सकाळी अकरानंतर रस्त्यावर माणूस सापडत नाही. बेसा किंवा मनीषनगरकडच्या फ्लॅट स्कीममध्ये गेलं तर दारापर्यंत पोहोचणंच मुश्किल. आमची फील्डवरची मुलं रोज तेच सांगतात, ‘मॅडम, वॉचमन आतच जाऊ देत नाही ना जी.’ महालातल्या जुन्या घरांत दार उघडतात, पाणीसुद्धा देतात, पण वीस मिनिटांची प्रश्नावली ऐकून घ्यायला कोणाला सवड नसते. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतला कामगार शिफ्टमध्ये असतो. ज्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे त्यांनाही हे जड जातं. पहिल्यांदाच क्लिपबोर्ड हातात घेतलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने दोन आठवड्यांत शंभर घरं पूर्ण करावीत ही अपेक्षाच चुकीची आहे. मग ती काय करते? वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक टाकते. त्यातून पंचवीस-तीस येतात, सगळे तिच्याच वयाचे. उरलेले होस्टेलच्या खोलीत बसून भरले जातात.

असे फॉर्म ओळखू येतात. गूगल शीटच्या पहिल्या रकान्यातली वेळ बघा : रात्री ११.४२, ११.४४, ११.४५, ११.४७. कागदी फॉर्म असतील तर सगळ्यांवर तेच निळं पेन आणि टिकची शेपटी एकाच बाजूला वळलेली. परिसराच्या रकान्यात धरमपेठ, सदर, धरमपेठ, धरमपेठ. त्याहून मोठी खूण म्हणजे त्यात एकही जागा रिकामी नसते. खऱ्या फॉर्मवर कोणीतरी चौदाव्या प्रश्नाला उठून गेलेलं असतं, कारण आत दूध उतू जात होतं. उत्पन्नाचा रकाना कोरा असतो. एकाच प्रश्नाला दोन टिका असतात. समासात लिहिलेलं असतं, ‘आमच्याकडे मसाला घरीच कुटतो.’ खऱ्या माणसांची उत्तरं एकमेकांशी भांडतातसुद्धा : चौथ्या प्रश्नात महिन्याला दोन पाकिटं, आणि नवव्यात ‘विकतचा आणतच नाही’. बनावट फॉर्ममध्ये असं काही होत नाही, सगळं कसं गुण्यागोविंदाने चाललेलं असतं.

पुढे नोकरीत या मुलांना पहिल्याच आठवड्यात बॅक-चेक म्हणजे काय ते कळतं. भरलेल्या फॉर्मपैकी काही निवडून सुपरवायझर त्या घरी पुन्हा जातो किंवा फोन करतो : आमचा माणूस आला होता का, किती वेळ बसला, अमुक प्रश्न विचारला का. एक फॉर्म खोटा निघाला की त्या माणसाचं त्या दिवसाचं सगळं काम बाद होतं. कॉलेजात ज्या गोष्टीला गुण मिळाले, तिच्यासाठीच इथे कामावरून काढतात. हा धक्का त्यांना आमच्याकडे का बसावा?

आता १०० या आकड्याविषयी. तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : चोवीस लाखांच्या शहराला शंभर जण कसे पुरतील? २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या थोडी वर होती हे खरं. पण नमुना, म्हणजे विचारायला निवडलेली माणसं, किती मोठा हवा हे शहराच्या आकारावर जवळजवळ अवलंबून नसतं. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडलेले शंभर जण नागपूरबद्दल जेवढं सांगतील तेवढंच वर्ध्याबद्दल सांगतील : ९५ टक्के खात्रीने, उत्तर खऱ्या आकड्याच्या साधारण दहा टक्के-बिंदू अलीकडे-पलीकडे. ही चूक निम्मी करायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो : ४०० जणांना साधारण पाच. अनेक अहवालांत ३८४ हा आकडा मंत्रासारखा येतो, तो इथलाच. पाच टक्क्यांची चूक आणि ९५ टक्के खात्री धरून सूत्रात किंमती घातल्या की ३८४ येतात, आणि १९७० पासून क्रेसी आणि मॉर्गन यांचा तक्ता सगळीकडे वापरला जातो त्यातही मोठ्या लोकसंख्येसमोर हाच आकडा आहे. पण या सगळ्या गणितामागे एक अट आहे : प्रत्येक माणूस निवडला जाण्याची शक्यता ठाऊक असली पाहिजे. शनिवारी संध्याकाळी सीताबर्डीच्या बाजारात जो थांबला त्याला विचारलं, तर ३८४ काय आणि ३,८४० काय, ती अट पूर्ण होत नाही. म्हणून प्रश्न ‘शंभर पुरतील का’ हा नाही. ‘हेच शंभर का’ हा आहे.

शनिवारी बर्डीवर विचारू नये असं मी म्हणत नाही. विद्यार्थ्याला दुसरं काय परवडणार? घरोघरी सर्वे करायचा तर मतदार यादीतून सुरुवातीचे पत्ते काढायचे, तिथून घरं उजव्या हाताला ठेवत चालत ठरावीक घरं सोडून दार वाजवायचं, घरात कोणाशी बोलायचं हे संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या तक्त्याने ठरवायचं, म्हणजे जो दार उघडेल त्याच्याशीच बोलून मोकळं होता येत नाही. हे सगळं दोन विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं नाही. मग सोयीचा नमुना घ्यावा, पण तसं लिहावं. ‘नागपूरकरांची पसंती’ हे शीर्षक काढून ‘सीताबर्डीवर शनिवारी संध्याकाळी भेटलेल्या १०० खरेदीदारांची पसंती’ असं ठेवलं की अर्धा खोटेपणा तिथेच संपतो. आणि पद्धतीच्या प्रकरणात ‘रँडम सॅम्पलिंग’ लिहिलेलं दिसलं की तुम्ही एवढंच विचारा : माणसं ज्यातून निवडली ती यादी कोणती होती?

साध्या आकडेवारीने किती काम होतं हे एका उदाहरणावरून दाखवते. आकडे मी घडवलेले आहेत, पण असं टेबल आमच्यासमोर नेहमी येतं. समजा पॅकबंद सावजी मसाल्याचा सर्वे आहे. १०० जणांना विचारलं, हा मसाला घ्याल का? ६२ हो म्हणाले. अहवालात येतं : ६२ टक्के ग्राहकांचा खरेदीचा कल, बाजारपेठ अनुकूल, उत्पादन आणावं. आता एकच क्रॉस-टॅब काढा, म्हणजे तीच उत्तरं गटागटाने वेगळी मांडा. घरी स्वयंपाकाचं सामान स्वतः आणणारे ४० होते, बाकीचे ६० होस्टेल-मेसवर जेवणारे विद्यार्थी. त्या ६० पैकी ४५ हो म्हणाले, म्हणजे ७५ टक्के. मसाला खरोखर विकत घेणाऱ्या ४० पैकी १७, म्हणजे ४२.५ टक्के. त्याच फॉर्ममधून आता उलटी गोष्ट निघाली : ज्यांच्या हातात खरेदी आहे त्यांच्यातले निम्म्याहून कमी तयार आहेत. शिवाय ४० चा बेस, म्हणजे ज्यांच्यावरून टक्केवारी काढली त्यांची संख्या, लहान आहे. हे ४० यादृच्छिक निवडलेले असते तरी चूक पंधरा टक्के-बिंदूंची, म्हणजे खरा आकडा २७ ते ५८ यांत कुठेही असू शकतो. ज्याला यात पैसे घालायचे आहेत त्याच्यासाठी ‘६२ टक्के’ आणि ‘खरेदी करणाऱ्यांमध्ये २७ ते ५८’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यातही ‘घेईन’ म्हणणारे सगळे दुकानात जाऊन घेत नाहीत, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक टेबलाखाली बेस लिहिल्याशिवाय ते बाहेर जात नाही. बेस : सर्व उत्तरदाते, १००. बेस : मसाला विकत आणणारे, ४०. बेस ३० च्या खाली गेला तर टक्केवारीवर तारांकन येतं किंवा टक्केवारी काढतच नाही, ‘२२ पैकी ९’ असं लिहितो. विद्यार्थ्यांच्या अहवालात याच्या उलट दिसतं : ३८ जणांच्या उत्तरावर ६३.१६ टक्के. दशांशचिन्हानंतरचे दोन आकडे पाहून वाटतं केवढं बारीक मोजलंय, आणि प्रत्यक्षात एक माणूस इकडचा तिकडे झाला की आकडा अडीच टक्क्यांहून जास्त सरकतो. ‘३८ पैकी २४’ हे खरं लिहिणं आहे.

सरासरीचंही तसंच. मध्य, मध्यक आणि बहुलक आपण दहावीत शिकतो आणि एमबीएला येईपर्यंत फक्त मध्य लक्षात राहतो. दहा जणांचा मसाल्यावरचा महिन्याचा खर्च घ्या : १००, १००, १५०, १५०, २००, २००, २००, २५०, २५०, आणि दहावे एक मेस चालवणारे काका, ४,००० रुपये. सरासरी ५६० येते. या दहांत ५६० च्या जवळपास खर्च करणारा एकही नाही. मध्यक २०० येतो, आणि पाकिटाची किंमत ठरवायची असेल तर तोच उपयोगाचा. मेसवाल्या काकांना फेकून द्यायचं नाही, त्यांच्याबद्दल वेगळा परिच्छेद लिहायचा. किलोच्या पाकिटाचं गिऱ्हाईक कदाचित तेच आहेत.

पाच बिंदूंच्या श्रेणीवर मुलांचा फारच विश्वास. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ती मांडली, तेव्हापासून ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ सगळीकडे आहे. पण तिची नुसती सरासरी काढून थांबणं घातक आहे. तिखटपणा आवडला का, या प्रश्नाला ४० पैकी २० जणांनी ५ आणि २० जणांनी २ दिले, तर सरासरी ३.५. दुसऱ्या ठिकाणी २० जणांनी ४ आणि २० जणांनी ३ दिले, तरीही ३.५. दोन्ही अहवालांत एकच ओळ येणार : ‘ग्राहक मध्यम समाधानी’. प्रत्यक्षात दुसऱ्या ठिकाणी लोकांना विशेष काही वाटत नाही, तर पहिल्या ठिकाणी दोन तट पडलेत, आणि त्या मालकाने कमी तिखट आणि झणझणीत अशी दोन पाकिटं काढायचा विचार करायला हवा. एवढी मोठी गोष्ट सरासरीने पुसून टाकली. पाचही पर्यायांना किती-किती मतं पडली ते मांडलं असतं तर एका नजरेत दिसली असती.

पाय चार्टबद्दल फार लिहीत नाही. एकाहून जास्त उत्तरं चालतात त्या प्रश्नाची बेरीज शंभरावर जाते, तिथे तो काढताच येत नाही, तरी काढलेला दिसतो. आडव्या पट्ट्या काढा, मोठ्यापासून लहानाकडे. झालं.

काय-वर्ग चाचणीबद्दल, म्हणजे गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असेल का हे तपासणाऱ्या चाचणीबद्दल, मात्र थांबून लिहायला हवं, कारण ‘स्टॅटिस्टिक्स लावलं पाहिजे’ या आग्रहात तिचे फार हाल होतात. वयाचे पाच गट आणि उत्तराचे पाच पर्याय म्हणजे पंचवीस घरं. त्यांत १०० माणसं वाटली तर एका घरात सरासरी चार. घरातली अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली की चाचणीच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही, हा नियम पुस्तकात असतो. तरी सॉफ्टवेअर आकडा देतं आणि तो अहवालात जातो. गट एकत्र करा ना! वरच्या मसाल्याच्या टेबलाला, ६० आणि ४०, हो आणि नाही, अशी चारच घरं आहेत. तिथे काय-वर्ग १०.७६ येतो, पाच टक्के पातळीची मर्यादा ३.८४ आहे. म्हणजे विद्यार्थी आणि घरचं सामान आणणारे यांच्यातला एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडणं अवघड आहे. चाचणी सांगते ते एवढंच, नमुना कसा निवडला याबद्दल ती काहीच बोलत नाही. आणि फरक सिद्ध झाला नाही तर तोही निष्कर्षच आहे. ‘शून्य गृहीतक नाकारता आलं नाही’ असं लिहिणाऱ्या मुलीला परत पाठवून ‘काहीतरी सिग्निफिकंट काढ’ म्हटलं गेल्याचं मी एकाहून जास्त जणींकडून ऐकलं आहे. मुलं डेटा बदलायला शिकतात ती इथे.

उत्पन्नाच्या प्रश्नाचं थोडक्यात. अनोळखी मुलाला दारात कोणी महिन्याचं उत्पन्न खरं सांगत नाही. म्हणून या व्यवसायात २०११ पासून एनसीसीएस ही वर्गवारी वापरात आली : घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि अकरा ठरलेल्या वस्तूंपैकी घरात किती आहेत, या दोन गोष्टींवरून घराचा वर्ग काढायचा. गॅस आहे का, फ्रिज आहे का, हे लोक सहज सांगतात. प्रकल्पात ती वापरायला एक पैसा लागत नाही.

आणि प्रश्नावली टाइप करतानाच मराठीत आणि हिंदीत करून घ्या. नाहीतर इतवारीत आणि जरीपटक्यात प्रत्येक मुलगा इंग्रजी प्रश्न आपापल्या मनाने सांगतो, आणि मग आपण शंभर लोकांना एकच प्रश्न विचारलेला नसतो.

विचारणाऱ्यामुळे उत्तर किती बदलतं हा प्रश्न आपल्या देशात फार आधी हाताळला गेला आहे. १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगालच्या तागाच्या पिकाची पाहणी सुरू केली. त्यांनी एकाच भागासाठी स्वतंत्र उपनमुने काढले आणि ते वेगवेगळ्या पथकांना दिले. दोन पथकांचे आकडे जुळले तर ठीक, नाही जुळले तर गडबड पिकात नसून मोजण्यात आहे हे कळायचं. ही पद्धत तुमच्या वर्गात या वर्षीच वापरता येईल. चार विद्यार्थ्यांना चार विषय देण्याऐवजी एकच विषय द्या. दोघांनी गोकुळपेठ बाजारात सकाळी विचारावं, दुसऱ्या दोघांनी तिथेच, त्याच वेळी, वेगळ्या लोकांना, एकमेकांना न दाखवता. मग दोन्हींची टेबलं शेजारी ठेवा. त्यांच्यातला फरक पाहून मुलं नमुन्यातल्या चुकीबद्दल जे शिकतील ते सूत्र पाठ करून कधी शिकणार नाहीत. खोटे फॉर्म भरायचा मोहसुद्धा आपोआप कमी होईल, कारण दोन जोड्यांचे आकडे पडताळले जाणार हे त्यांना आधीच माहीत असेल.

आता ३८ फॉर्मकडे येते. त्यातून काय निघेल असं तुम्ही विचाराल. टक्केवारी फारशी निघणार नाही, उपगट तर पाडूच नयेत. पण किती दारं वाजवली, किती उघडली, किती जणांनी नाही म्हटलं, हे पान निघेल. समजा १४० दारं : ६१ बंद किंवा वॉचमनने अडवलेली, ४१ नकार, ३८ पूर्ण. हे पान वाचून मला त्या मुलीला कामावर घ्यावंसं वाटेल. त्या ३८ जणांनी त्यांच्या शब्दांत सांगितलेली कारणं निघतील : तिखट झेपत नाही, आजी घरीच करते, पाकीट उघडलं की वास उडतो. मालकाला पुढच्या सर्वेत कोणते प्रश्न विचारायचे हे त्यावरून ठरवता येतं. ज्यात ६२ फॉर्म होस्टेलमध्ये भरलेत त्या शंभरातून यातलं काहीही निघत नाही, कारण खरे ३८ कोणते हेच मग कळत नाही.

दारांच्या नोंदीचं हे पान सक्तीचं करा आणि त्याला गुण ठेवा, पाय चार्टचे काढून घेऊन ठेवा हवं तर. तुमच्यावर काय ओझं असतं याची मला कल्पना आहे. एकेका मार्गदर्शकाकडे कितीतरी प्रकल्प, वर सेमिस्टरची घाई आणि परीक्षकाला जाडजूड अहवाल हवा असतो. पण परीक्षकही तुमच्यातलेच आहेत. नागपुरातल्या चार-पाच महाविद्यालयांतल्या मार्गदर्शकांनी मिळून ठरवलं की फॉर्मच्या संख्येला गुण नाहीत, तर बाकीच्यांना फार काळ वेगळं वागता येणार नाही.

माझ्याकडून जे होण्यासारखं आहे ते सांगते. नाव, पत्ता, फोन काढून टाकलेला एक जुना डेटा, क्लायंटची परवानगी घेऊन, मी तुमच्या वर्गाला देईन. रिकाम्या जागा, दुहेरी टिका, भांडणारी उत्तरं सगळं तसंच ठेवून. सोबत त्याची मराठी आणि हिंदी प्रश्नावली, आणि आमच्या बॅक-चेकचा फॉर्म. मार्चमध्ये, मुलं फील्डवर निघायच्या आधी, एक दुपार द्या. मी येते, एक्सेल उघडून बसू आणि त्या डेटातून पहिलं टेबल मुलांच्याच हाताने काढू, खाली बेस लिहून.

आपली,
बाजार-सर्वेक्षणाचं काम करणारी एक नागपूरकर